इंदूताई आणि हंसाच्या मानेची गाडी

ये गं मुक्ते, बस अशी माझ्याजवळ. तू तिकडे गार्चिंगला आहेस हे ठाऊक आहे मला, पण लिहिताना समोर कुणी बसलेलं असल्याशिवाय माझा हात चालत नाही. आणि बसवलंच आहे समोर, तर आधी चार शब्द ऐकून घे. दिवाळीला येते म्हणालीस, आली नाहीस. संक्रांतीला फोनवर तिळगुळाचं चित्र पाठवलंस. चित्र काय चाटायचं मी? एका देशात राहतो आपण. तुझी आई मिरजेहून विचारते, "पोरगी बरी आहे ना गं, बघतेस ना तू तिच्याकडे?" मी म्हणते, बघते की, फोनच्या काचेत बघते.

ते जाऊ दे. रागावलेली नाही मी. पण परवा मी गाडी शिक म्हटलं, तर तू काय म्हणालीस? "मावशी, आता या वयात कुठे." अगं, तुझं वय ते काय. तुझ्या वयाला आम्ही अजून साडीच्या निऱ्या मोजत होतो. फोन ठेवला आणि मला इंदूताई आठवल्या. तू त्यांना पाहिलं नाहीस. तू जर्मनीत आलीस आणि त्या आमच्या गावातून गेल्या. राहिलंच सांगायचं. आज सांगते.

आमचं गाव तुला माहीत आहे, वोल्फ्सबुर्गच्या बाहेर, शेतांच्या कडेला. एक बेकरी, एक चर्च, आणि एक बस, जिची वेळ माझ्या कुठल्याच कामाशी जुळत नाही. इथे गाडी नसलेला माणूस म्हणजे कुंडीतलं झाड. कुणी उचलून उन्हात ठेवलं तर ऊन. गावात मराठी घरं दोन, आमचं आणि त्यांचं. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांचं अंगण दिसायचं, आणि त्यांच्या खिडकीतून माझा कट्टा. भाजी कुठली केली हे एकमेकींना विचारावं लागायचं नाही.

इंदूताई ठेंगण्या, गोल, चालताना घाईत असल्यासारख्या आणि बोलताना त्याहून घाईत. सलवार-कमीझवर नवऱ्याचं जुनं कारखान्यातलं निळं जाकीट घालायच्या, बाह्या दुमडून. त्या जाकिटाच्या खिशात हात घातला तर काय मिळेल सांगता यायचं नाही. आल्याचा तुकडा, पेचकस, केसांचा आकडा, कुणाच्या तरी लग्नातली बडीशेप. जर्मन बोलायच्या ते धडाधड. व्याकरण वगैरे मागून येईल तेव्हा येईल. समोरचा काही बोलला की आधी "या, या, गेनाऊ", म्हणजे हो, हो, अगदी, म्हणून मोकळ्या, मग त्याने काय सांगितलं त्याचा विचार. हे "गेनाऊ" त्यांना पुढे महागात पडलं, ते येईलच.

आणि एक खोड होती. घरातल्या प्रत्येक यंत्राला नातं जोडायचं. फ्रिज म्हणजे जाऊबाई, "दोघींना एका स्वयंपाकघरात जागा पुरत नाही म्हणून". भांडी धुणारं यंत्र म्हणजे पाहुणे, "तासन्‌तास बसतात आणि मध्ये उठवता येत नाही". मी म्हणायचे, "इंदूताई, मिक्सरचं काय?" तर म्हणाल्या, "त्याला नातं नाही लावलं. तो ओरडतो फार. तो आमच्या ह्यांच्यासारखा." आणि ते 'हे', म्हणजे वसंतराव, पलीकडच्या खोलीतून शांतपणे म्हणायचे, "ऐकलं मी." वसंतराव कधी ओरडलेले मी ऐकले नाहीत. पण त्यांना चिडवल्याशिवाय इंदूताईंचा चहा गोड व्हायचा नाही.

आता मुख्य गोष्ट. वसंतराव कारखान्यातून निवृत्त झाले तेव्हा त्यांना घरी बसवेना. त्याच सुमारास गावाबाहेरच्या पीटरसनबाईंनी आपला घोड्यांचा तबेला बंद केला. उंच, हाडकुळी बाई, बोलणं मोजकं, एक हात कायम खिशात. त्या अमेरिकेतल्या गुराख्यांसारखी घोडेस्वारी शिकवायच्या. म्हणून त्यांच्याकडे गाडीही तशीच होती. मागे उघडा हौदा असलेली थोरली पिकअप, आणि तिच्यामागे घोडे न्यायचा लांबच लांब आनहेंगर, म्हणजे मागे जोडून ओढायचा डबा. दोन्ही त्यांना एकदमच विकायचं होतं, कारण एकाशिवाय दुसऱ्याचा उपयोग नव्हता. ते का, हे समजायला मला बरेच दिवस लागले. पण समजलं ते इंदूताईंमुळे, म्हणून तुला त्यांच्याच शब्दांत सांगते.

बाकीच्या गाड्यांना आनहेंगर जोडायचा गोळा मागे असतो, बंपरच्या खाली. आपण पाहतो तो. ह्या पिकअपचा गोळा मात्र हौद्याच्या आत, तळाला, अगदी मागच्या चाकांच्या वर. आणि आनहेंगरला पुढे एक वाकडी लांब मान. ती मान हौद्यावरून आत येते आणि वरून गोळ्यावर बसते. इंग्रजीत त्याला गूजनेक म्हणतात, हंसाची मान. मी विचारलं, "एवढा खटाटोप कशाला? मागे जोडलं तर काय बिघडतं?" इंदूताईंनी पीठ मळता मळता मला सांगितलं, "लहानपणी विहिरीवरून पाणी आणलंय ना तुम्ही? भरलेली घागर हाताला लटकवून चाला, काय होतं? ती झुलते, तुम्ही वाकड्या होता, पाणी पायावर. तीच कमरेवर घ्या. ओझं तेवढंच. पण आता ते तुमच्या अंगात आलं. ही घागर भाऊजींच्या कमरेवर बसते."

भाऊजी म्हणजे पिकअप. आणि मागचा आनहेंगर म्हणजे सासूबाई. "आपण वळलो तरी त्या लगेच वळत नाहीत," इंदूताई म्हणायच्या. "मागाहून, आपल्या मनाने वळतात. आणि वळल्या की कोपरा कापून येतात. मध्ये फुलाची कुंडी असो की माणूस."

ते दोन्ही घेऊन वसंतरावांनी घोड्यांच्या जागी स्वयंपाकघर केलं. शेगड्या, कढई, बाजूला उघडणारी खिडकी. घोड्यांचा वास जायला दोन उन्हाळे लागले. वसंतराव म्हणायचे, हिच्या फोडणीने घोडे हरले. शनिवारी आसपासच्या गावांच्या मार्क्टला, म्हणजे आठवडी बाजाराला, गाडी उभी राहायची. बटाटेवडा, मिसळ, थालीपीठ. जर्मन लोक मिसळ खाऊन नाक पुसायचे आणि पुन्हा रांगेत लागायचे. वसंतराव गाडी चालवायचे, पैसे घ्यायचे आणि गिऱ्हाइकांशी हवेबद्दल बोलायचे. इंदूताई तळायच्या. असं छान चाललं होतं.

मग वसंतरावांचे डोळे गेले. म्हणजे पूर्ण नाही. मधलं दिसेनासं झालं आणि कडेचं दिसत राहिलं. ते म्हणायचे, "समोरचा माणूस दिसत नाही, त्याच्यामागची भिंत दिसते." डॉक्टरांनी गाडी बंद केली. त्यांनी निमूटपणे किल्ली काढून खुंटीला लावली. सासूबाईंना पीटरसनबाईंच्या आवारात उभं केलं, आणि स्वतः खिडकीशी खुर्चीत बसले. तो बसलेला माणूस मला माझ्या खिडकीतून दिसायचा. सकाळी तिथे, दुपारी तिथे. रेडिओसुद्धा लावायचे नाहीत. इंदूताई मला एकदा म्हणाल्या, "वहिनी, खऱ्या सासूबाई गेल्या तेव्हा मी रडले, नाही असं नाही. पण ही गाडी उभी राहिली तेव्हा जास्त रडले. गाडी गेली तर हा माणूस त्या खुर्चीतून उठायचा नाही परत."

त्यातच त्सेलेच्या बाजूचा एक माणूस आला. त्याला कॉफीची गाडी करायची होती. सासूबाईंना त्याने चारी बाजूंनी वाकून वाकून पाहिलं, पिकअपचं बॉनेट उघडून पाहिलं, आणि दोन्ही घेतो म्हणाला. वसंतरावांनी होकार दिला. घरी येऊन इंदूताईंना सांगितलं तेव्हा मी तिथेच होते, कोथिंबीर निवडत.

"शब्द दिलात?" इंदूताईंनी विचारलं.

"दिला."

"मला न विचारता?"

"तुला चालवता येते का ती?"

इंदूताई त्यांची छोटी ऑटोमॅटिक गाडी बेकरीपर्यंत आणि फार तर वोल्फ्सबुर्गपर्यंत न्यायच्या. तीही पार्क करायला दोन गाड्यांची जागा लागायची त्यांना. त्यांनी कोथिंबिरीची जुडी माझ्या हातातून घेतली, देठं खटकन मोडली आणि म्हणाल्या, "सुगीच्या जत्रेपर्यंत थांबायला सांगा त्याला."

"कशाला?"

"तोवर मी शिकते. जत्रेला आपली गाडी मी नेऊन लावली तर ती आपली. नाही जमलं तर त्याने सोमवारी येऊन न्यावी. मी हूं की चूं करायची नाही."

वसंतरावांनी खुंटीवरची किल्ली चाचपली. मग म्हणाले, "इंदू, साठी उलटलीय तुझी."

"हो ना. म्हणून तर घाई आहे."

तर मुक्ते, हे झालं वयाचं. पुढे ऐक.

इथे साधा फ्युररशाईन, म्हणजे गाडीचा परवाना, असून भागत नाही. मागे जड काही ओढायचं तर वेगळं शिक्षण, वेगळी परीक्षा. इंदूताईंनी फारशूलेत, गाडी शिकवायच्या शाळेत, नाव घातलं. तिथे सगळी विशीतली पोरं, आणि मध्ये या, जाकिटाच्या बाह्या दुमडून. पहिल्या परीक्षेत परीक्षक म्हणाला, पुढच्या चौकात डावीकडे. इंदूताई म्हणाल्या, "या, या, गेनाऊ," आणि सरळ गेल्या. तो म्हणाला, बरं, मग पुढच्या चौकात. त्या म्हणाल्या, "गेनाऊ," आणि पुन्हा सरळ. तशा चालत राहिल्या असत्या तर डेन्मार्कला पोचल्या असत्या. घरी आल्यावर वसंतराव म्हणाले, "अगं, गेनाऊ म्हणजे अगदी बरोबर. अगदी बरोबर म्हणत म्हणत तू चुकीची गेलीस." कित्येक दिवसांनी त्या खुर्चीतून हसण्याचा आवाज आला. इंदूताई मला नंतर म्हणाल्या, नापास झाल्याचं काही वाटलं नाही, पैसे वसूल झाले.

दुसऱ्या परीक्षेत मागे घेताना आनहेंगर फूटपाथवर चढला. परीक्षक मान खाली घालून काहीतरी खरडायला लागला. इंदूताई त्याला म्हणाल्या, काळजी करू नका, उतरवते. आणि उतरवलाही झकास. पण उतरवण्याला गुण नसतात.

त्यानंतर मात्र त्यांनी मनावर घेतलं. जेवायच्या टेबलावर पोळपाट म्हणजे गाडी, लाटणं म्हणजे आनहेंगर, आणि मिठाच्या बरण्या म्हणजे फूटपाथ. मी चहाला गेले की मला म्हणायच्या, "थांबा, बसू नका, त्या खुर्चीवर चौक आहे." तिसऱ्या परीक्षेला मी त्यांना दहीसाखर दिली. पास झाल्या. आल्या त्या घरी न येता थेट पीटरसनबाईंच्या आवारात गेल्या. कारण फारशूलेतला आनहेंगर साधा, मागे जोडायचा. परवाना हातात आला होता, पण घागर अजून कमरेवर यायची होती, आणि जत्रा तोंडावर आली होती.

तिथे पहिल्या दिवशी वसंतराव शिकवायला बसले. बायकोला गाडी शिकवणारा नवरा तू अजून पाहिलेला नाहीस. पाहू नयेस. ते शेजारच्या सीटवर बसून कडेच्या नजरेने आरशात बघायचे आणि म्हणायचे, "उजवीकडे. अगं, उजवीकडे म्हणजे तिची उजवी, तुझी डावी."

"तिची की माझी, एक काय ते ठरवा."

"मागे घेताना उलटं असतं, हे किती वेळा सांगू?"

"तुम्ही चाळीस वर्षं सरळ सांगितलेलंही मला उलटं वाटतं. आता उलटं सांगताय तर काय करू मी?"

शेवटी इंदूताईंनी गाडी बंद केली, उतरल्या, त्यांच्या बाजूचं दार उघडलं आणि म्हणाल्या, "अहो, घरी जाऊन लसूण सोला." वसंतराव उतरले. पण घरी गेले नाहीत. कुंपणाला टेकून उभे राहिले. खुर्ची सोडून बाहेर येऊन उभे राहिलेले मी त्यांना त्या वर्षात पहिल्यांदा पाहिलं.

मग पीटरसनबाई आल्या. एक हात खिशात. त्यांनी सांगितलं, मागे घेताना हात स्टिअरिंगच्या चाकाच्या वर नको, खाली धर. खालचा हात ज्या बाजूला नेशील, मागचं त्या बाजूला जाईल. आणि घाई करू नकोस. मागे साध्या गोळ्यावर असतं ते चटकन वळतं. हे उशिरा वळतं, पण एकदा वळायला लागलं की वळतच जातं. म्हणून थोडं फिरव, थांब, बघ. इंदूताई म्हणाल्या, "आल्झो, म्हणजे सासूबाईंना आधी विचार करू द्यायचा." पीटरसनबाईंना हे मी माझ्या मोडक्या जर्मनमध्ये समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "माझ्या सासूसाठीही हेच."

जोडणं शिकवलं त्या दिवशी गंमत झाली. पिकअप मागे मागे घेत मानेखाली न्यायची असते. तिच्या हौद्याचं मागचं फळकूट आधी खाली पाडायचं, म्हणजे मानेला आत यायला वाट मिळते. इंदूताई फळकूट पाडायला विसरल्या. कर्रर्र असा आवाज झाला. कुंपणापाशी वसंतराव ताठ झाले. "काय झालं?"

"काही नाही. भाऊजींना जराशी खोक पडली."

पीटरसनबाईंनी पोचा आलेल्या फळकुटावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, प्रत्येकाचं एकदा होतं, तुझं झालं. बस, एवढंच. इंदूताईंना त्यांचं हे फार आवडलं. नंतर माझी आमटी करपली की मला म्हणायच्या, "वहिनी, प्रत्येकीचं एकदा होतं." मी म्हणायचे, माझं एकदा होऊन खूप दिवस झाले.

आणि वसंतराव. त्यांना दिसत नव्हतं, पण कान शाबूत होते. दुसऱ्या दिवसापासून ते आनहेंगरच्या पुढच्या कोपऱ्याशी उभे राहायला लागले, पत्र्यावर हात ठेवून. थांबायचं असलं की पत्र्यावर एक थाप. जायचं असलं की दोन. एसटीच्या कंडक्टरची घंटा असते ना, तशी. पीटरसनबाईंनी मला हळूच विचारलं, तो गाडीला का मारतोय? मी म्हटलं, आमच्याकडे गाडी अशीच चालते. त्यांनी खिशातला हात काढून एकदा स्वतः थाप मारून पाहिली. इंदूताईंनी कचकन ब्रेक लावला. पीटरसनबाईंनी खूश होऊन दुसरी मारली, आणि इंदूताई आतून ओरडल्या, "एक काय ते ठरवा."

बाईंचा एक नियम मात्र कडक होता. मान गोळ्यावर बसली, खटका लागला, असं डोळ्यांना दिसलं तरी विश्वास ठेवायचा नाही. आनहेंगरचे पुढचे टेकूचे पाय पूर्ण वर घ्यायच्या आधी, त्याचा ब्रेक लावलेला ठेवून, पिकअप किंचित पुढे ओढून बघायची. पकड खरी असेल तर ती अडेल. खोटी असेल तर तिथेच कळेल, रस्त्यावर नाही. "ओढ, मग विश्वास ठेव." असं रोज. इंदूताई रोज "या, या, गेनाऊ" म्हणायच्या. मला धास्ती होती, हेही गेनाऊ त्या चौकासारखंच की काय.

जत्रेच्या आदल्या दिवशी नेमकी खंडेनवमी आली. आता आपल्याकडे त्या दिवशी काय करतात, तुला सांगायला नको. तुझ्या आईने तुझा लॅपटॉप पुजलेला आहे. इंदूताईंनी संध्याकाळी झारा, कढई, सुऱ्या सगळं मांडलं आणि मग आम्ही दोघी आवारात गेलो, ताम्हन घेऊन. भाऊजींना हार. सासूबाईंना हळदकुंकू. आणि मग इंदूताई हौद्यात चढल्या आणि त्या गोळ्यासमोर बसल्या. "खरं शस्त्र हेच," म्हणाल्या. काळं वंगण होतं त्यावर, ते जाकिटाच्या बाहीने लख्ख पुसलं. हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, वर एक झेंडूचं फूल ठेवलं आणि नैवेद्याला खोबऱ्याचा तुकडा. डोळे मिटून बराच वेळ हात जोडून होत्या. काय मागितलं ते मी विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती.

सकाळी जी काय धांदल. बटाट्याची भाजी, मिसळीचा कट, चटण्या. वड्याच्या पिठाचा टोप मांडीवर घेऊन मी पिकअपच्या मागच्या सीटवर बसले. वसंतराव थापा मारत होते. पीटरसनबाई फाटक उघडायला आल्या होत्या. इंदूताईंनी पिकअप मानेखाली नेली, एकाच झटक्यात, सुईत दोरा जावा तशी. उतरून मान खाली सोडली, खटका ओढून बघितला, बसलेला दिसला. दिव्यांची वायर लावली. घड्याळात पाहिलं. जत्रेत आठनंतर गाडी आत घेऊ देत नव्हते.

"इंदू, चल आता," वसंतराव म्हणाले. "उशीर होतोय."

इंदूताईंनी किल्लीवर हात ठेवला. मग म्हणाल्या, "थांबा. ओढून बघते."

"अगं, लागलाय खटका. मी आवाज ऐकला."

"रोजचा आवाज होता का?"

वसंतरावांनी पत्र्यावरचा हात काढला. मग म्हणाले, "नाही. आज दबका होता."

इंदूताईंनी अगदी हलकेच पिकअप पुढे घेतली. ती अडली नाही. ती गेली वीतभर पुढे, हलकी होऊन, आणि मागे धाडकन मान गोळ्यावरून निसटली. आनहेंगर आपल्या पायांवर बसला, जागच्या जागी. माझ्या मांडीवरचं निम्मं पीठ सांडलं, थोडं माझ्या अंगावर आणि थोडं भाऊजींच्या. रस्त्यावर असतो तर तो मागच्या गाड्यांवर गेला असता. पीटरसनबाईंनी खिशातला हात काढला. त्या हौद्यात चढल्या, गोळ्याजवळ वाकल्या, आणि दोन बोटांत काहीतरी चिमटून वर धरलं. चपटा झालेला झेंडू आणि त्याला चिकटलेलं खोबरं.

"हे काय आहे?"

इंदूताईंनी उतरून वर पाहिलं. पिठाने माखलेली मी मागच्या सीटवर, आणि हौद्यात ही बाई प्रसाद हातात घेऊन उभी. इंदूताई म्हणाल्या, "हा देव आहे. माझ्याकडून जागेवरून उचलायचा राहिला."

पीटरसनबाईंनी त्या फुलाकडे पाहिलं, इंदूताईंकडे पाहिलं. मग फूल नीट कुंपणाच्या खांबावर ठेवलं, चिंधीने गोळा पुसला, वंगण लावलं आणि म्हणाल्या, "पुन्हा. सावकाश."  इंदूताईंनी हात जाकिटाला पुसले आणि पुन्हा बसल्या. मान बसली. या वेळी खटक्याचा आवाज मलासुद्धा कळला, करकरीत. ओढून पाहिलं. भाऊजी जागचे हलले नाहीत. वसंतरावांनी पत्र्यावर दोन थापा मारल्या.

जत्रेत पोचलो तेव्हा साखळी लावायला माणूस आलाच होता. चौक आधीच भरलेला. आमची जागा चर्चची भिंत आणि लिंडेनचं झाड यांच्यामध्ये, आणि तिथे मागे घेतच जायला लागणार होतं. भिंतीशी तो कॉफीवाला उभा, दोन्ही हात पाठीमागे बांधून. वाईट माणूस नव्हता बिचारा. पण बघायलाच आला होता. बियरच्या टेबलांवरचे लोकही बोलायचे थांबले. मोठी गाडी मागे घेणारी ठेंगणी बाई दिसली की जगात कुठेही पुरुष बोलायचे थांबतात.

वसंतराव उतरले आणि पुढच्या कोपऱ्याला हात लावून उभे राहिले. पहिल्यांदा आनहेंगर झाडाकडे गेला. एक थाप. इंदूताई पुढे आल्या. दुसऱ्यांदा भिंतीकडे. एक थाप. पुन्हा पुढे. मी आत बसलेली, मला त्यांची मान दिसत होती, घामाने ओली. त्या स्वतःशीच बोलत होत्या. "थोडं. थांब. बघ. थोडं. थांब." हात चाकाच्या खाली. आनहेंगर जरा वेळाने, आपल्या मनाने वळायला लागला, आणि आत जायला लागला, बघ, मोठ्या डब्यात लहान डबा जावा तसा. वसंतराव बरोबरीने चालत होते, हात पत्र्यावर. शेवटी एक थाप. इंदूताईंनी इंजिन बंद केलं.

वसंतरावांनी भिंत आणि गाडी यांच्यामधल्या फटीत हात घातला, पंजा उघडून चाचपला. एक वीत. मग ते कॉफीवाल्याच्या दिशेने वळले. तो त्यांना दिसत नव्हता, त्याच्यामागची भिंत दिसत होती. त्या भिंतीला ते जर्मनमध्ये म्हणाले, "सोमवारी यायची तसदी घेऊ नका." आणि वर सीटकडे बघून मराठीत म्हणाले, "उतर आता. तेल तापायला टाकतो मी. पैसे कोण घेणार, मी का तू?"

"तुम्हाला नोटा दिसतात का?"

"नोटा दिसत नाहीत. माणसं फसवतायत का ते कळतं."

इंदूताई उतरल्या, पण लगेच नाही. थोडा वेळ तिथेच बसून राहिल्या, दोन्ही हात मांडीवर. मग पदर नसलेल्या जाकिटाने डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, "वहिनी, पीठ किती उरलं?" पीठ निम्मंच उरलं होतं. वडे दुपारीच संपले. कॉफीवाल्याने मिसळ दोनदा खाल्ली.

ती गाडी त्यांनी पुढे तीन मोसम चालवली. मग त्यांच्या मुलीला कोलोनला बाळ झालं आणि दोघं तिकडे गेले. सामानाला ट्रक आला, पण ट्रकमध्ये बसून काही त्या गेल्या नाहीत. मी निरोपाला बेकरीच्या कोपऱ्यावर उभी होते. ते वळण फार अरुंद आहे. इंदूताई आधी पार पलीकडच्या बाजूला गेल्या आणि मग वळायला लागल्या. मागून एक लाल गाडी फटीतून घुसायला बघत होती. तेवढ्यात खिडकीतून निळ्या जाकिटाचा हात बाहेर आला, बांगड्यांसकट, पंजा उघडा, सरळ. मला वाटलं माझ्यासाठी हलवतायत. मी हात वर केला. पण तो हात त्या लाल गाडीसाठी होता. ती गाडी थांबली. सगळा आनहेंगर कोपऱ्यावरून वळून जाईपर्यंत तो हात तसाच बाहेर होता, आणि मग आत गेला. माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. पुढे रस्ता होता ना.

आता त्या खिडकीत दुसऱ्या कुणाचे पडदे आहेत. भाजी काय केली, कळत नाही.

तर तू ये, मुक्ते. गाडी शिक, नको शिकूस, ते तुझं तू बघ. मी त्याबद्दल चकार शब्द काढायची नाही, निदान पहिल्या दिवशी तरी. मोहरीसारख्या त्या रेपची शेतं पिवळी व्हायला लागलीत, आठवडाभरात खिडकीतून डोळे दिपतील इतकी होतील. ज्वारीचं पीठ आलंय मिरजेहून. माझ्या हातची भाकरी अजून फुगते, पण ती तव्यावरून थेट ताटात घ्यायला समोर माणूस लागतं गं. शुक्रवारच्या गाडीचं तिकीट काढ आणि मला नुसती वेळ कळव. स्टेशनवर मी येते घ्यायला, स्वतः गाडी चालवत.